कानाचा दडा नव्हे, आणीबाणी

सकाळी उठून फोन नेहमीच्या कानाला लावावा आणि पलीकडून काहीच ऐकू येऊ नये! जून 2024 मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी जाहीर केलं, की विमानातून बाहेर पडताच आपल्याला ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांनी निदान केलं होतं विषाणूमुळे नसेवर आलेल्या बहिरेपणाचं.

72 तासांच्या आत, लगतच्या तीन स्वरपट्ट्यांवर श्रवण 30 डेसिबल किंवा त्याहून जास्त घटलं, तर तो अचानक आलेला नसेचा बहिरेपणा मानतात. बहुधा एकच कान जातो. दहापैकी नऊ जणांत कारण सापडत नाही.

पावसाळ्यात सिल्वासात सर्दी झाली की ‘दडा बसलाय’ म्हणून कानात कोमट तेल सोडलं जातं. कृपा करून थांबा. तोंड मिटून ‘हूं’ असं गुणगुणा. मळाने कान बंद असेल तर आवाज त्याच कानात मोठा वाटतो. आतला कान किंवा नस दुखावली असेल तर चांगल्या कानाकडे सरकतो. डॉक्टर हेच नादकाट्याने तपासतात. गुणगुणणं म्हणजे निदान नव्हे, पण घाई का करायची ते त्यातून कळतं.

स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक. मधुमेह असेल तर पडद्यातून थेट मध्यकर्णात इंजेक्शन देता येतं. नसेवर गाठ नाही ना, हे एमआरआयमध्ये पाहतात. काहींचं श्रवण आपोआपही परततं, पण त्या भरवशावर थांबू नका. श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल गावातच आहे. त्याच दिवशी जा आणि ‘कालपर्यंत ऐकू येत होतं’ हे आधी सांगा.