हार्डिनेस झोन आणि बागेसाठी झाडांची निवड

प्रस्तावना

रोपाच्या माहितीत ‘झोन 5 ते 9’ असे लिहिलेले अनेकदा आढळते. हा आकडा काय सांगतो हे न समजता रोप आणले, तर पैसे आणि एक हंगाम वाया जातो. या पाठात आपण झोनची व्याख्या, गणन आणि मर्यादा पाहू.

व्याख्या

असा नकाशा अमेरिकेच्या कृषी विभागाने 1960 साली प्रथम प्रसिद्ध केला. आज त्यात 13 झोन आहेत. एखाद्या ठिकाणचे प्रत्येक वर्षातील सर्वांत कमी तापमान घेतात आणि 30 वर्षांच्या अशा नीचांकांची सरासरी काढतात. त्या सरासरीवरून झोन ठरतो. 2023 च्या नकाशासाठी 1991 ते 2020 ही वर्षे घेतली आहेत. एका झोनची रुंदी 10 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 5.6 अंश सेल्सिअस असते.

- झोन 10 : उणे 1.1 ते 4.4 अंश सेल्सिअस
- झोन 11 : 4.4 ते 10 अंश
- झोन 12 : 10 ते 15.6 अंश

नेहमी होणारी चूक

विद्यार्थी बहुधा जानेवारीचे सरासरी किमान तापमान वापरतात. ही राशी वेगळी आहे. दिल्लीत ते 7 अंशांच्या आसपास असते. त्यावरून झोन 11 येईल. पण तेथील वार्षिक नीचांक अनेक वर्षी 2 ते 4 अंशांपर्यंत उतरतो. 1 जानेवारी 2021 रोजी सफदरजंग येथे 1.1 अंश नोंदले गेले. म्हणून दिल्लीसाठी झोन 10 धरणे योग्य. पूल बांधताना आपण सरासरी भारावर थांबत नाही. झाडाच्या बाबतीतही तेच. अनेक वर्षे टिकावे असे महागडे झाड असेल, तर एक झोन अधिक थंडी सोसणारे निवडावे.

मर्यादा

झोन फक्त हिवाळ्यातील थंडी मोजतो. उन्हाळा, पाऊस, दमटपणा व माती त्यात येत नाहीत. 2023 च्या नकाशात सिअ‍ॅटल आणि ऑस्टिन ही दोन्ही शहरे झोन 9 मध्ये आहेत. पण सिअ‍ॅटलचा उन्हाळा सौम्य, तर ऑस्टिनमध्ये पारा अनेकदा 38 अंशांपुढे जातो.

भारतातील बहुतेक मैदानी शहरांत झाड थंडीने कमी आणि इतर कारणांनी जास्त मरते. मी कोकणात कुंडीत लॅव्हेंडर लावले होते. थंडीचा प्रश्नच नव्हता. आषाढाच्या पावसात मुळे कुजली.

निवडीच्या पायऱ्या

1. वार्षिक नीचांकांच्या सरासरीवरून झोन ठरवा.
2. मे-जूनचे कमाल तापमान पाहा. दिल्लीत बोगनवेल तग धरते. नारळाला तिथली थंडी आणि कोरडी लू दोन्ही मानवत नाहीत.
3. पावसाळ्यात पाण्याचा निचरा तपासा.
4. शेजारच्या जुन्या बागांत काय टिकले आहे ते पाहा.

हंगामी फुलझाडांना पहिली पायरी फारशी लागू होत नाही. त्यांचे आयुष्य एकाच हंगामाचे असते.

स्वाध्याय

एका शहराचे पाच वर्षांचे नीचांक 4.1, 2.4, उणे 1.5, 3.6 व 2.4 अंश सेल्सिअस आहेत. पाचच वर्षे धरून झोन काढा. कोणत्या वर्षी त्या झोनचे झाड धोक्यात आले असते?