फिजिओथेरपीची वाट (भाग ६) : एमपीटीएचचा अर्ज भरताना

मागच्या आठवड्यात आपण बीपीटीएचची इंटर्नशिप आणि राज्य परिषदेची नोंदणी इथवर आलो होतो. आता पुढचं शिक्षण. अंबड, परतूर, मंठ्याकडच्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, फॉर्म कधी सुटणार?"

राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर ते कळतं. परीक्षा पीजीपी-सीईटी, मग गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रम आणि कॅप फेऱ्या. अभिमत विद्यापीठांचा कारभार वेगळा. जालन्याहून साठेक किलोमीटरवर, संभाजीनगरला एमजीएम आहे. तिथे जायचं तर त्यांचा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो. फॉर्मचं एवढंच.

खरी गोम पसंतीक्रमात आहे. बहुतेकांना अस्थि-स्नायू नाहीतर क्रीडा शाखा हवी असते. त्यात गैर काही नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधला कामगार आणि ऊसतोडीवरून परतलेली बाई, दोघांच्याही कमरेला तुमची गरज आहे. पण अंगावरून वारं गेलेल्या माणसाला आपल्याकडे अजून महिनोन्‌महिने तेल चोळत बसतात, आणि सुधारणेचा सर्वाधिक वाव असतो तो याच पहिल्या काही महिन्यांत. जिल्ह्यात परत येऊन काम करायचं असेल तर मी न्यूरो शाखा आधी लिहीन.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, ओपीडी बघा. मुंबईत केईएम, सायन, नायर ही पालिकेची रुग्णालयं. केईएमची फिजिओथेरपी शाळा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची, देशातली पहिली. अशा ठिकाणी रुग्णांचा तोटा नसतो, जागा मात्र मोजक्या. खासगी कॉलेज पाहताना तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा. दिवसाला किती रुग्ण स्वतः हाताळता? आयसीयूत पाठवतात का? गाइड कोण, आणि ते कॉलेजात असतात का? प्रबंधाचा आराखडा आणि नैतिक समितीची मंजुरी गाइडशिवाय पुढे सरकत नाही. फीचा आकडा याच्यानंतर विचारा. (आईवडिलांना हा क्रम पटणार नाही, ठाऊक आहे.)

अमेरिकेला जायचं म्हणून एमपीटीएच करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. तिथे आता या व्यवसायात शिरण्याची पदवीच डीपीटी, म्हणजे डॉक्टरेट पातळीची आहे. आपल्या पदव्यांचं मूल्यांकन होतं, मग एनपीटीई ही परवाना परीक्षा. एमपीटीएच झालं म्हणून ती परीक्षा चुकत नाही.

राहिली कागदपत्रं. इथे गुणवान पोरंही अडकतात. जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला. नॉन-क्रीमी लेयरची मुदत कोणत्या ३१ मार्चला संपते ते आजच बघा. ज्यांची इंटर्नशिप चालू आहे त्यांनी फॉर्म सुटायची वाट न बघता पुढच्या सुट्टीला सेतू केंद्र गाठावं.