करवतीपुढचे उघडे पाय

वळिवाच्या वाऱ्याने हैदराबादच्या गौलीगुड्यासारख्या दाट वस्तीत झाड आडवे झाले काय, किंवा ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी कोसळल्या काय, वाट मोकळी करावयास यांत्रिक करवत घेतलेला मजूरच लागतो. रस्ता केव्हा खुला होणार, ही चौकशी सारे करतात; त्याच्या मांड्यांवर काय आहे, हे कोणी पाहत नाही. बहुधा साधी विजार, नाहीतर गुंडाळलेली लुंगी! सेकंदाला वीस-वीस मीटर धावणाऱ्या साखळीपुढे तिचा काय पाड?

‘चॅप्स’ नामक पायरक्षक आवरणात चिवट, लांब धाग्यांचे अनेक थर असतात. साखळी लागताच ते धागे ओढले जाऊन यंत्राच्या दंतचक्रात गुंततात आणि करवत क्षणार्धात अडते. अमेरिकेत लाकूडतोडीच्या मजुरास असे आवरण स्वखर्चाने पुरविणे मालकावर १९९५ पासून बंधनकारक आहे.

आपल्या उकाड्यात ते जड होते, ही मजुरांची तक्रार खोटी नव्हे; त्यासाठी करवत आळीपाळीने चालवावी. ठेकेदाराची खर्चाची सबब मात्र आम्हांस मान्य नाही. नगरपालिकांनी झाडतोडीच्या निविदेतच या आवरणाची किंमत धरावी, आणि ज्या दिवशी ते मजुराच्या पायांवर नसेल त्या दिवसाचे बिल अडवावे.