गिधाडं गेली, कुत्री वाढली

अभयारण्यातलं संशोधन म्हणजे वाघांचे ठसे मोजणं, माणसाच्या दवाखान्याशी त्याचा काय संबंध? असं अनेकांना वाटतं. धाराशिव जिल्ह्यातलं येडशी रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. आत रामलिंगाचं देऊळ, आवारात माकडं, कडेला गावं, गावांची गुरं आणि कुत्री. इथं माणसाचा, जनावराचा आणि रानाचा आजार तीन वेगळ्या वह्यांत लिहून भागत नाही.

रामलिंगला जटायूची कथा सांगतात, म्हणून गिधाडाचंच बघू. ‘गिधाडं साथीनं मेली’ असं अजूनही ऐकू येतं. मूळ होतं गोठ्यात. दुखणाईत गुराला डायक्लोफिनॅक टोचायचं, ते दगावलं की उघड्यावर टाकायचं; ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2004 मध्ये हे सिद्ध झालं, 2006 मध्ये भारतानं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. पण पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं तोवर 99 टक्क्यांहून अधिक घटली होती. मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली, कुत्री वाढली, रेबीजचा धोका दारात आला. गुराच्या दुखण्यावरचं औषध असं माणसाच्या जिवावर बेतलं.

‘रोग रानातूनच गावात येतात’ हेही अर्धसत्य. गीरमध्ये 2018 साली वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांच्यात सापडलेला डिस्टेंपरचा विषाणू मुळात कुत्र्यांतला.

आणि माकडताप? नाव माकडाचं, पण तो पसरवतात खसखशीएवढी गोचिडीची पिल्लं. माकड स्वतःच बळी. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर रानात माकडं पटापट मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं त्यांच्यासह रुग्णांचे नमुने तपासले आणि विषाणू सापडला. पुढं तो सिंधुदुर्गात दोडामार्गपर्यंत पोचला. येडशीचं कोरडं, पानगळीचं रान वेगळं. पण मेलेलं माकड ही आधी मिळालेली सूचना, हा धडा इथंही लागू.



माणसाचे, जनावराचे आणि रानाचे आजार असे एकत्र तपासायला मोठी इमारतच हवी, हाही एक समज. नागपुरात त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 ला झाली, ते बरंच आहे. पण नमुना तिथं पोचायला आधी कुणीतरी मढं पाहून कळवावं लागतं.

तेव्हा रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका. वनविभागाला 1926 वर कळवा. गुरं आजारी असतील तर 1962. कुत्रं चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.