हात ठेवा जागेवर, फिरू द्या विमान

प्रतिकृती रंगवायला बसलेल्या बहुतेकांना एक अनुभव येतो. आपल्या समोरची बाजू सुरेख उतरते आणि पलीकडची खरखरीत होते किंवा तिच्यावर ओघळ येतात. रंग तोच असतो, एअरब्रशही तोच. फक्त पलीकडे पोचायला मनगट वाकवावे लागते, कोपर उचलावे लागते आणि तेवढ्यात नळीचे अंतर बदलते. फिरता पाट हे दुखणे मुळातून काढतो. हाताला जी एक बैठक चांगली जमली आहे ती मोडायची नाही, विमानाची प्रत्येक बाजू तिच्यासमोर आणायची.

उदाहरणाला १/७२ प्रमाणातले मिग-२१ घेऊ. भारतातली बहुतेक मिग-२१ विमाने नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्यांना निरोप दिला गेला. खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर. ७२ ने भागले की प्रतिकृतीत तो जेमतेम १० सेंटिमीटर भरतो. केकवर आयसिंग करायला वापरतात तो प्लास्टिकचा फिरता पाट एवढ्या विमानाला भरपूर होतो.

पाट घेताना तो किती वेळ गरगरतो हे पाहू नका. बोटाने ढकलल्यावर फिरावा आणि बोट उचलताच थांबावा. फार मोकळा पाट एअरब्रशच्या हवेनेच हलतो, कारण पंखावर पडणारा झोत त्याला शिडासारखा ढकलतो. अशा पाटाच्या छर्‍यांना थोडे घट्ट ग्रीस लावले की पुरेसा अटकाव येतो. मग काठावर मास्किंग टेपच्या आठ खुणा करा, दर ४५ अंशांवर एक.

आता विमान उभे करायचे. मिगला एकच इंजिन, त्यामुळे शेपटाकडे एकच गोल तोंड. त्यात निमुळती लाकडी काडी घट्ट बसवा आणि काडीचे दुसरे टोक वाळूने भरलेल्या डब्यात रोवा. डबा पाटाच्या बरोबर मध्यावर ठेवा. नाक वर करून उभे असलेले विमान आता स्वतःच्या लांबीभोवती फिरते. रिकामी फेरी देऊन नाकाचे टोक पाहा. ते जागच्या जागी फिरले तर मध्य साधला. ते वर्तुळ काढत असेल तर डबा सरकवा, कारण टोक जितके सरकते तितके तुमचे अंतर दर थांब्यावर बदलणार.

पाटाखाली एखादा खोका ठेवून विमान छातीच्या उंचीवर आणा. कोपर टेबलावर टेकू द्या. दिवा एका बाजूला, हवा बाहेर ओढणारा पंखा विमानाच्या पाठीमागे. दोन्ही हलवायचे नाहीत. तुम्ही विमानाभोवती हात फिरवलात तर कधी ना कधी फवारा स्वतःच्या तोंडाकडे येतो. पाट फिरवलात तर उडालेला रंग दर वेळी पंख्याकडेच जातो. तरीही फिल्टरचा मास्क घालाच.

पहिली खूण समोर घ्या, म्हणजे विमानाची पाठ समोर आली. प्रायमरसाठी १५ पीएसआयच्या आसपास दाब आणि १० ते १२ सेंटिमीटर अंतर ठीक पडते. फवारा विमानाच्या बाहेर सुरू करायचा, अंगावरून न थांबता न्यायचा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बंद करायचा. मग बोट सोडून पाट पुढच्या खुणेवर आणायचा. पाचव्या थांब्याला पोट समोर येते. तिसऱ्या आणि सातव्याला उभ्या शेपटाच्या बाजू मिळतात. तिरके चार थांबे सर्वात महत्त्वाचे, कारण पंख आणि धड जिथे जुळतात ती खाच तिथूनच मोकळी दिसते. आठ थांब्यांची एक फेरी हात थोडा वर ठेवून करा, म्हणजे पंखांच्या पुढच्या कडा भिजतील. दुसरी हात खाली आणून, मागच्या कडांसाठी.

सतत फिरवत रंग मारण्याचा मोह होतो. कुंभाराचे चाक फिरते राहते खरे, पण कुंभाराचे मडके गोल असते. विमान गोल नसते. नळी धडापासून १२ सेंटिमीटरवर धरून विमान फिरते ठेवले, तर पंखाचे टोक समोर येताना हे अंतर ८ सेंटिमीटरवर येते. टोकावर रंग साचतो, पंखाचा सपाट भाग मात्र भर्रकन निघून जातो आणि कोरडा राहतो. म्हणून क्रम पक्का ठेवा: फिरवा, थांबवा, मगच फवारा.

एक ठिकाण याला अपवाद आहे, चाके. चाक सुट्टेच रंगवायचे. ते पाटाच्या मध्यावर चिकटवा, टायरच्या कडेला ब्रशचे टोक टेकवून हात स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने पाट सावकाश एक फेरा फिरवा. हाताने वळवून कधी जमणार नाही इतकी स्वच्छ गोल रेघ उमटते.

सुरुवातीच्या काळात मिग उघड्या धातूच्या अंगाने उडत, आणि चंदेरी रंग कुठलीही चूक लपवत नाही. त्यासाठी आधी चकचकीत काळा पाया द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मग दाब कमी करून चंदेरी रंगाचे अगदी पातळ हात द्यावेत. पहिल्या हातात काळा दिसत राहिला तरी चालते. त्याच आठ थांब्यांवर दुसरा आणि तिसरा हात देत चंदेरी हळूहळू भरू द्या. प्रत्येक थांब्याला सारखेच झोत मोजून दिले तर चारही अंगांना सारखी झळाळी येते.

शेवटची फेरी रंगाशिवाय. एअरब्रश खाली ठेवा, डोळे विमानाच्या उंचीला आणा आणि पाट बोटाने सावकाश फिरवा. दिवा जागचा हलत नाही, त्यामुळे त्याची चमक विमानाच्या अंगावरून सरकत जाते. जिथे ती अडखळते तिथे रंग कमी पडला आहे किंवा जास्त झाला आहे. त्या थांब्याचा आकडा लिहून ठेवा, विमानावर खोका झाका आणि उद्यापर्यंत हात लावू नका. उद्या सगळे विमान पुन्हा रंगवायचे नाही, फक्त ती खूण समोर आणायची आहे.