ठराव वेगळा, कायदा वेगळा

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीला लागून असलेल्या मरीनावर लोकमान्यांच्या नावाचा टिळक घाट आहे, आणि त्याच किनाऱ्यावर सी. एन. अण्णादुराई यांची समाधी. १ मे १९६२ रोजी याच अण्णांनी राज्यसभेत वेगळ्या द्रविडनाडूची मागणी मांडली होती. २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केलं आणि त्यांच्या द्रमुकने ती मागणी बाजूला ठेवून सरकारला पाठिंबा दिला. विरोधी बाकांवरून मिळालेला हा पाठिंबा मला त्या काळातला सर्वांत वजनदार वाटतो.

संसदेने १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हुसकावून लावण्याचा निर्धार करणारा ठराव संमत केला. पण अशा ठरावाने कुणाला अटक होत नाही की बंदूक खरेदी होत नाही. तो देशाचा शब्द असतो. अधिकार येतात कायद्यातून आणि पैसा येतो सभागृहाने मंजूर केलेल्या मागण्यांतून. ते अधिकार ठरावाच्या आधीच आले होते: २६ ऑक्टोबरलाच घटनेच्या कलम ३५२ खाली आणीबाणी पुकारली गेली, सोबत भारत संरक्षण अध्यादेश निघाला. पुढे त्याचा कायदा झाला.

युद्ध महिनाभरात थांबलं. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालली, आणि हे अतिच झालं. तेव्हा आणीबाणीच्या घोषणेला संसदेची मंजुरी दोन महिन्यांत लागे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत एक महिन्यावर आणली, विशेष बहुमत सक्तीचं केलं आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी घ्यायला लावली.