मेंढ्यांची नोंद ठेवणाऱ्या शास्त्रज्ञ : हेलन न्यूटन टर्नर

चांगला मेंढा कसा ओळखावा, असे कोणाही मेंढपाळास विचारले तर तो मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवील, त्याची छाती पाहील, चाल पाहील. ही पारख पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली असते व ती टाकाऊ नाही. तथापि त्या मेंढ्याच्या आईने किती वेतांत किती कोकरे दिली, हे अंगावरून कळत नाही. ते वहीतच लिहून ठेवावे लागते. ऑस्ट्रेलियातील मेंढीपालकांना ही साधी गोष्ट पटवून देण्यात हेलन न्यूटन टर्नर यांनी आपले आयुष्य वेचले. त्यांच्या कामाचा एक धागा आपल्या फलटणपर्यंत येऊन पोहोचला आहे.

टर्नरबाईंचा जन्म १९०८ साली सिडनी येथे झाला. त्यांनी पदवी घेतली ती स्थापत्यकलेची! मंदीच्या काळात त्या क्षेत्रात काम मिळेना, म्हणून १९३१ साली त्या पशुआरोग्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत चिटणीस म्हणून लागल्या. तेथे शास्त्रज्ञांचे आकडे हाताळता हाताळता त्यांना संख्याशास्त्राची गोडी लागली. पुढे इंग्लंडात जाऊन त्यांनी रोनाल्ड फिशर यांच्यासारख्या थोर संख्याशास्त्रज्ञाकडे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या पैदाशीचे मोठे प्रयोग सुरू झाले, त्यांची सूत्रे हळूहळू त्यांच्या हाती आली व १९७३ साली निवृत्त होईपर्यंत त्या हेच काम करीत राहिल्या.

त्या काळी तेथील मेरिनो मेंढ्यांची निवड धंदेवाईक पारखी करीत. लोकरीचा वळसा डोळ्यांनी पाहून तिचा बारीकपणा ठरविला जाई. टर्नरबाईंचे म्हणणे असे की, लोकर तराजूत घालावी, तंतूची जाडी मोजावी आणि मग मेंढा निवडावा. पुष्कळ जाणत्या मेंढीपालकांना हे रुचले नाही, आणि सांगणारी व्यक्ती स्त्री असल्याने तर विरोध अधिकच झाला असावा. परंतु वजन करून निवडलेल्या कळपांतील लोकर पिढीगणिक वाढू लागली, तेव्हा त्या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे कठीण झाले.

जुळ्यांचा प्रश्न मात्र लोकरीइतका सोपा नव्हता. लोकरीच्या वजनात आईबापांचा वाटा बराच असतो. मेंढीला जुळे होणे हे पुष्कळसे चारा, ऋतू व तिचे वय यांवर अवलंबून असते. म्हणून एका वेताच्या जुळ्यावरून मेंढी निवडणे म्हणजे एका पावसावरून विहिरीच्या पाण्याचा अंदाज करण्यासारखे आहे. एकाच मेंढीच्या अनेक वेतांची नोंद हाती असली, तरच काही अनुमान काढता येते.

अशा नोंदी ठेवणारे सीअर्स नावाचे दोन भाऊ न्यू साऊथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ 'बुरूला' या आपल्या कुरणावर मेंढ्या पाळीत. ज्या मेंढ्यांना एका वेळी अनेक कोकरे होत, त्यांचीच पैदास ते पुढे चालवीत. १९५८ च्या सुमारास त्यांच्याकडील, एकाच वेतातील पाच कोकरांपैकी असलेला एक मेंढा टर्नरबाईंच्या संशोधन कळपात आला. पुढे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या कळपातील बहुप्रसवता मुख्यतः एकाच जनुकामुळे आहे, आणि २००१ साली त्या जनुकातील नेमका बदलही सापडला.

हा गुण आला कोठून? १७९२ व १७९३ साली बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने सिडनीस गेल्या होत्या. बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढी अंगाने अगदी लहान असली तरी तिला बहुधा जुळी-तिळी होतात. तिच्या रक्ताची तपासणी केली असता तोच जनुक आढळला. म्हणजे आपल्याच देशाचे धन परदेशी जाऊन, तेथील वहीमुळे ओळखले गेले.

फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने १९९० नंतरच्या दशकात गरोळ मेंढ्या आणल्या. आपली दख्खनी मेंढी काटक आहे, पण तिला एका वेळी बहुधा एकच कोकरू होते. संस्थेच्या डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोळचा हा जनुक दख्खनीत आणला. आणि गरोळचे लहान अंग पुढच्या पिढ्यांत उतरू नये म्हणून संकरित कोकरांचा पुन्हा पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी संकर केला. प्रत्येक पिढीत रक्ततपासणी करून जनुक असलेलीच कोकरे ठेवण्यात आली. यातून तयार झालेल्या वाणास 'नारी सुवर्णा' असे नाव आहे. ज्या मेंढ्यात या जनुकाच्या दोन प्रती असतात, त्याच्या प्रत्येक कोकरात एक प्रत उतरते. एकच प्रत असलेल्याच्या सुमारे निम्म्याच कोकरांत ती जाते. मेंढा विकत घेताना हे विचारून घ्यावे.

मात्र जुळी झाली म्हणजे लाभ झालाच, असे नाही. आईस पुरेसे दूध नसेल तर दोन्ही कोकरे खुरटतात आणि एखादे दगावते. गाभण मेंढीला शेवटच्या सहा आठवड्यांत चराईखेरीज थोडा खुराक द्यावा. व्याल्यावर लहान कोकरास पहिल्या काही तासांतच चीक मिळाला की नाही, हे स्वतः पाहावे. दूर चराईला जाणाऱ्या कळपांत हे अवघड असते. तेथे अशक्त कोकरे काही दिवस वाड्यावर मागे ठेवता येतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मेंढपाळाच्या घरातील शाळेत जाणाऱ्या मुलास हाताशी धरून एक वही सुरू करून द्यावी. तीत मेंढीच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, व्याल्याची तारीख, कोकरांची संख्या आणि तीन महिन्यांनी त्यांपैकी किती जगली, एवढे लिहिले तरी पुरे.